महिंद्र एफसी-१५० मध्ये डिझेल इंजिन : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

कागल तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची महिंद्र एफसी-१५० आज ट्रॅक्टरला बांधून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कार्यशाळेत आली. कुटुंबातील वडीलधाऱ्या काकांच्या सांगण्याप्रमाणे हा ट्रक अनेक हंगाम गुऱ्हाळावरून शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे पोहोचवत असे, आणि त्यांची इच्छा अशी की तो शोभेची वस्तू म्हणून अंगणात उभा न राहता पुन्हा कामाला लागावा. माझ्या मते ही इच्छा योग्य आहे. चालणाऱ्या गाडीची निगा राखली जाते, उभ्या गाडीला गंज खातो.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेतील टोलेडो येथील विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस हा ट्रक बाजारात आणला, आणि त्याच्या केबिनचे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी रेखाटले होते. जीपच्या ८१ इंची व्हीलबेसवरच (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर) अधिक लांबीचा हौदा मिळावा म्हणून केबिन पुढे सरकवून थेट इंजिनावर बसवली होती. महिंद्रने १९६५ मध्ये तो भारतात आणला. या रचनेमुळे इंजिन बॉनेटखाली नसून चालक आणि क्लीनर यांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीत असते. आपल्या कामातील सगळी अडचण या पेटीतच आहे, कारण दुसरे इंजिन बसवायचे म्हणजे माणसे जिथे बसतात ती जागा कापायची.

आज फक्त गाडी धुतली आणि फोटो काढले. चेसिस सरळ आहे, कुठेही तडा नाही. केबिनच्या पायदानाचा पत्रा कुजला आहे, पण मागची भिंत आणि दाराचे खांब भक्कम आहेत.

१८ नोव्हेंबर २०२३

मूळ इंजिन उघडले. हे विलीज घराण्यातील हरिकेन पेट्रोल इंजिन आहे : चार सिलिंडर, ७९.४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १११.१ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), २१९९ सीसी. याच्या इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे एक्झॉस्टच्या सीटजवळ ब्लॉक फार तापतो. आपल्या ब्लॉकमध्ये नेमक्या तिथेच, सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत तडा गेला आहे आणि पूर्वी कोणीतरी तो खिळे ठोकून शिवण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. ती शिवण पुन्हा सुटली आहे. चांगला ब्लॉक मिळाला असता तर मी मूळ इंजिनाचाच आग्रह धरला असता; उद्यमनगर, सांगली आणि मिरज येथे चौकशी करूनही तो मिळाला नाही.

पर्यायांवर काकांशी सविस्तर बोलणे झाले. टाटा ४०७ चे २९५६ सीसीचे इंजिन मुबलक मिळते, परंतु ते या पेटीच्या मानाने मोठे, आणि परक्या कंपनीचे इंजिन नोंदणीत घालणे अधिक अवघड. प्यूजोच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल आकाराने चांगले बसेल, पण त्याचे सुटे भाग आता शोधावे लागतात. शेवटी महिंद्रचे २५२३ सीसीचे डीआय, म्हणजे सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारे, इंजिन ठरले. जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाशी त्याचे नाते उघड दिसते : स्ट्रोक तोच १०१.६ मिलिमीटर, बोअर मात्र ८५.७ वरून ८८.९ मिलिमीटर झालेला. ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे कागदावर हरिकेनच्या ७२ पेक्षा कमी. परंतु ओढ अधिक आहे आणि ती इंजिनाच्या फार कमी फेऱ्यांवर मिळते. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या छोट्या ट्रकला नेमकी हीच ओढ हवी. शिवाय जिल्ह्यातील जवळपास प्रत्येक मिस्त्रीचा या इंजिनावर हात बसलेला आहे.

इंजिन एका मोडीत काढलेल्या महिंद्र जीपमधून घेतले. तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, इंजिन नंबर असलेली जुनी नोंदणी आणि खरेदीची पावती हे सगळे सोबत घेतले आहे. इंजिनाबरोबर तिचेच बेल हाउसिंग (क्लच झाकणारा घुमट), क्लच आणि केएमटी-९० हा चार गिअरांचा गिअरबॉक्सही घेतला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवण्याची गरज उरत नाही.

२ डिसेंबर २०२३

पत्र्याला कटर लावण्याआधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधिक ठामपणे मांडला. इंजिन बदलणे ही म्हणूनच परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने करायची गोष्ट आहे. अनेक गॅरेजांत आधी काम आणि नंतर कागद असा क्रम असतो. मला तो मान्य नाही, कारण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारते आणि त्याचे उत्तर गाडीच्या मालकाला द्यावे लागते.

अर्जासोबत दोन्ही इंजिनांचे तपशील, खरेदीचे कागद आणि एक रेखाचित्र जोडले. चेसिस कापली किंवा लांबवली जाणार नाही, व्हीलबेस तोच राहील, केबिनचे खांब आणि मागची भिंत यांना धक्का लागणार नाही, बदल फक्त इंजिनपेटी, फाउंडेशन (इंजिन टेकवणारे ब्रॅकेट आणि रबरे) आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती एक्सलकडे नेणारी दांडी) यांपुरता आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले. हे लिहिल्यामुळे आमच्या कामालाही चौकट मिळाली.

२४ डिसेंबर २०२३

मोजमापे घेतली. गाडी चार स्टँडवर घेऊन पाणसळीने चेसिस सर्व बाजूंनी सपाट केली, पुढच्या आणि मागच्या आडव्या पट्ट्यांचे मध्य काढले आणि त्यांच्यामधून दोरी ताणली. मूळ इंजिन सुटण्यापूर्वी क्रँकच्या पुलीचा मध्य दोरीपासून किती बाजूला आणि किती खाली आहे, रेडिएटरपासून पंख्याचे अंतर किती, गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज कुठे येतो आणि इंजिन मागे किती कललेले आहे हे सगळे लिहून घेतले. कल साधारण चार अंशांचा भरला. मागच्या डिफ्रन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) पिनियन, म्हणजे शाफ्टने फिरणारा छोटा गिअर, तितकाच वर आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांना छेद देऊन रद्द होतात. नवे इंजिन कसेही बसो, हा समतोल टिकलाच पाहिजे; तो बिघडला तर विशिष्ट वेगाला सगळी गाडी थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) लवकर जातात.

डिफ्रन्शियल उघडून दातही मोजले : क्राउनला (मोठ्या गिअरला) ४३, पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ५.३८.

७ जानेवारी २०२४

डीआयचा रिकामा ब्लॉक, हेड, टायमिंग कव्हर, चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) आणि बेल हाउसिंग एवढेच जोडून तो सांगाडा चेनपुलीने केबिनमध्ये सोडला. आतली यंत्रणा नसल्यामुळे तो दोघांना हलवता येतो आणि हवा तसा लाकडी ठोकळ्यांवर टेकवता येतो. इंजिन प्रत्यक्ष जागेवर लटकवल्याखेरीज पत्रा कापायचा नाही, हा नियम मी सर्वांना आधीच सांगितला होता.

लगेच तीन अडचणी समोर आल्या. पहिली लांबीची : बोअर मोठा, त्यामुळे ब्लॉक लांब, आणि पुढे रेडिएटर असल्याने ही लांबी मागेच सरकणार. दुसरी रुंदीची : पेट्रोल इंजिनाला नसलेला इंजेक्टर पंप एका बाजूने बाहेर येतो आणि पेटीच्या उभ्या भिंतीला टेकतो. तिसरी, जी वरून दिसत नाही, ती चेंबरची. पुढचा एक्सल चेंबरच्या पुढच्या भागाखालून जातो. गाडी उभी असताना अंतर भरपूर वाटते, पण खड्ड्यात पाटे (स्प्रिंग) दबून एक्सल वर येतो तेव्हा ते अंतर राहत नाही. म्हणून पाट्यांखाली जॅक लावून एक्सल रबरी बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर घेतला आणि चेंबर व एक्सल यांच्यामध्ये मातीचा गोळा ठेवून दाबला. गोळ्याची उरलेली जाडी २८ मिलिमीटर. फाउंडेशनचे रबर दबल्यावर इंजिन खाली येणार हे धरूनही एवढे पुरेसे आहे, परंतु इंजिन यापेक्षा खाली नेता येणार नाही. म्हणजे उंची ठरली. आता जे काही सामावून घ्यायचे ते पेटीने.

२१ जानेवारी २०२४

फाउंडेशन. जुने ब्रॅकेट उपयोगाचे नाहीत, कारण त्यांची जागाही वेगळी आणि रबरही पेट्रोल इंजिनाच्या वजनाचे. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांच्या हालचालीमुळे क्रँकच्या दुप्पट वेगाने उभा हादरा निर्माण होतो, आणि डिझेलमध्ये जड पिस्टन व तीव्र ज्वलन यांमुळे तो अधिक जाणवतो. कडक रबर घातले तर हा हादरा थेट केबिनच्या पत्र्यात जातो. म्हणून डीआयचीच मूळ रबरे ठेवली आणि त्यांना शोभतील असे ब्रॅकेट ८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापून घेतले.

चेसिसला वेल्डिंग केलेले नाही. ब्रॅकेट चॅनेलच्या उभ्या पत्र्यावर बोल्टने बसवले; वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना एकही भोक पाडले नाही, कारण चेसिस वाकते तेव्हा सगळा ताण त्या कडांवर येतो आणि तिथल्या भोकापासूनच तडा सुरू होतो. उभ्या पत्र्याच्या मध्याजवळ ताण सर्वांत कमी असतो. प्रत्येक ब्रॅकेटमागे आतून जाड पट्टी दिली आहे, म्हणजे बोल्टचा दाब एका बिंदूवर न येता पसरतो. गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा मुळातच बोल्टचा असल्याने तो मागे घेणे सोपे गेले.

११ फेब्रुवारी २०२४

परिवहन कार्यालयाची लेखी मंजुरी हातात आली, आणि आज पेटी कापली.

एफसीच्या पेटीचे वरचे झाकण उचलता येते, पण दोन्ही उभ्या भिंती आणि मागचा भाग केबिनच्या तळपत्र्याला स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो. या भिंती इंजिन झाकतातच, शिवाय पातळ पत्र्याच्या सपाट तळाला ताठपणा देण्याचे कामही करतात. त्यामुळे भिंत काढून टाकली आणि झाकण मोठे केले एवढ्याने भागत नाही. तसे केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या तळाला काही महिन्यांत सीटच्या नटांपासून तडे जातात आणि दारे नीट लागेनाशी होतात.

आमचे डेंटर अण्णा पन्नास वर्षे पत्राकाम करत आले आहेत. मी खडूने कापायची रेघ मारली तेव्हा ते गुण्या घेऊन खाली बसले, सगळी मापे स्वतः पुन्हा तपासली आणि म्हणाले, “साहेब, पत्रा कापायला घटका लागत न्हाई, जोडायला जलम जातोय. आधी केबिन बांधून घ्या.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही दारांच्या खांबांमध्ये आणि पुढच्या-मागच्या भिंतींमध्ये लोखंडी पाइप तात्पुरते टाचून केबिन जखडली, दारे लावून फटी मोजल्या आणि मगच ग्राइंडर चालवला. गॅस कटर जाणीवपूर्वक वापरला नाही, कारण त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा लहरतो.

पंपाच्या बाजूची भिंत मुळापासून सोडवली आणि ६५ मिलिमीटर बाहेर घेतली. संपूर्ण भिंत सरकवली असती तर त्या बाजूच्या सीटची रुंदी गेली असती, म्हणून फक्त पंपासमोरचा भाग फुगवटा देऊन बाहेर काढला आणि पुढे-मागे तो मूळ रेषेला तिरपा आणून मिळवला. मागच्या बाजूला बेल हाउसिंगसाठी तळपत्रा कापावा लागला. तिथे केबिनच्या मागच्या भिंतीखालून जाणारा आडवा पट्टा आहे, आणि त्याला हात लावायचा नाही हे अर्जातच लिहिले होते. सुदैवाने बेल हाउसिंगचा घुमट पट्ट्याच्या पुढेच संपतो. मधले अंतर १५ मिलिमीटर आहे.

नवा पत्रा जुन्याच जाडीचा, पण कडांना दुमड दिलेला. तळाशी जोडताना सलग वेल्डिंग न करता थोड्या थोड्या अंतराने टाके घेतले, एका टोकाला एक, मग दुसऱ्या टोकाला एक, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. जोडाच्या खालून तळपत्र्याला दोन आडव्या पन्हाळी पट्ट्या दिल्या आणि जुन्या भिंतीमुळे मिळणारा ताठपणा त्यांतून परत आणला. शेवटी टाचलेले पाइप काढले आणि दारांच्या फटी पुन्हा मोजल्या. त्या बदललेल्या नाहीत.

इंजिनासाठी शरीर बदलण्याची ही पद्धत जीपच्या इतिहासात नवी नाही. हेच हरिकेन इंजिन जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनापेक्षा उंच होते, म्हणून १९५३ मध्ये विलीजने सीजे-३बी या जीपचे बॉनेट आणि पुढची जाळी उंच केली. महिंद्रने पुढे अनेक वर्षे बनवलेल्या जीपचा तो उंच कपाळाचा चेहरा, जो महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावाने पाहिला आहे, तो इंजिनाच्या उंचीतूनच आला. त्या कामात चेसिस तीच राहिली आणि पत्रा बदलला. आम्हीही त्याच बाजूने चाललो आहोत.

१८ फेब्रुवारी २०२४

पेटीला आतून-बाहेरून प्रायमर, जोडांना सीलर. पायदानाचा कुजलेला पत्रा बदलला.

३ मार्च २०२४

गिअर लिव्हरने अपेक्षेपेक्षा जास्त विचार करायला लावला. जीपमध्ये चालक गिअरबॉक्सच्या मागे बसतो, इथे तो पुढे बसतो, त्यामुळे केएमटी-९० चा लिव्हर थेट वापरला तर तो चालकाच्या पाठीमागे येतो. दूरचा लिव्हर लागणार हे नक्की होते. दोन दांड्यांची रचना बनवून पाहता येईल, पण तिच्यात सांधे जास्त, आणि प्रत्येक सांध्याची थोडी थोडी ढिलाई मिळून शेवटी न्यूट्रल सापडत नाही. म्हणून एकच दांडी ठेवली, जी पुढे-मागे सरकते तेव्हा गिअर पडतो आणि स्वतःभोवती फिरते तेव्हा गिअरची ओळ बदलते. दांडीला पुढे आणि मागे पितळी बुश दिले, ग्रीस निपल दिला आणि मागचे टोक गिअरबॉक्सच्या छोट्या लिव्हरला बॉल जॉइंटने जोडले.

दांडीचा पुढचा बुश केबिनला नाही, इंजिनाला बांधला आहे. इंजिन रबरावर हलते आणि केबिन हलत नाही. बुश केबिनला असता तर चढावर जोर लागताच दांडी ओढली जाऊन गिअर सुटला असता. लिव्हर जिथून वर येतो तिथे चामड्याचा बूट आहे.

प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून उद्यमनगरातच बॅलन्स करून घेतला. मुळातच छोट्या गाडीत शाफ्ट आखूड झाला की मागचा एक्सल खाली लटकताना त्याचा कोन अधिक तीव्र होतो. एक्सल पूर्ण लटकवून हाताने फिरवला. क्रॉस कुठेही अडत नाही आणि स्लिप जोड बाहेर येत नाही.

२४ मार्च २०२४

पाणी, हवा आणि धूर. रेडिएटरची जागा मोठी करता येत नाही, म्हणून त्याच चौकटीत जाड गाभा भरून घेतला आणि पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवले. कडे नसेल तर पंखा पेटीतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. पुढून आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, म्हणून पेटीच्या मागे तळाशी, बेल हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना, खालच्या दिशेने तोंड असलेल्या झडपा ठेवल्या.

पेटीच्या आतून सिरॅमिक वूल आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डसमोर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांसमोर) पेटीपासून सुटा, मध्ये हवेची फट ठेवणारा वेगळा पडदा दिला. जुन्या गाडीत अ‍ॅस्बेस्टॉसचा पुठ्ठा होता. तो ओला करून, तोंड बांधून काढला आणि बंद पिशवीत वेगळा ठेवला.

झाकणाच्या चारही बाजूंना नवे रबरी बीडिंग आणि ओढून बसणारे चार क्लॅम्प बसवले. ही गोष्ट आवाजापेक्षा श्वासाची आहे, कारण मॅनिफोल्डचा गास्केट गळला तर त्याचा धूर माणसांच्या गुडघ्यांपाशी येतो. बंद केबिनमध्ये बसून, बाहेरून ब्लोअरने पेटीत हवा भरत, पेटलेली उदबत्ती बीडिंगच्या कडेने हळूहळू फिरवली. सगळीकडे धुराची रेघ सरळ वर जात होती. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र ती एकदम आडवी झाली आणि थरथरू लागली. तिथे झाकणाची दुमड दोन मिलिमीटर उचललेली होती. अण्णांनी लाकडी हातोडीने ती बसवली, आणि उदबत्तीची रेघ तिथेही सरळ उभी राहिली.

७ एप्रिल २०२४

पेट्रोलच्या गाडीला डिझेल इंजिन बसवताना विसरल्या जाणाऱ्या गोष्टी आज एकत्र पूर्ण केल्या. इंजेक्टर आणि पंपातून उरलेले डिझेल टाकीत परत यावे लागते, म्हणून टाकीला रिटर्न पाइपचे तोंड दिले. तत्पूर्वी टाकी उघडून जुन्या पेट्रोलचा चिकट थर पूर्ण काढला आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर जोडला. डिझेल इंजिन चावीने वीज तोडून बंद होत नाही, त्याचे इंधन अडवावे लागते, म्हणून डॅशवर स्टॉप केबल आली. आणि मूळ वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालत असे. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तशी ओढ नसते. कोल्हापूरच्या पावसात वायपरविना ट्रक चालवणे अशक्य, तेव्हा विजेची मोटर बसवली आणि तिचा दांडा जुन्याच भोकांतून काढला. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असल्याने ब्रेकला बूस्टर जोडता आला. वाढलेल्या वजनासाठी त्याची गरज होतीच.

२१ एप्रिल २०२४

इंजिन सुरू झाले. पाइपांतील हवा काढल्यावर दुसऱ्या सेल्फला लागले. तेलाचा दाब लगेच आला, धूर थोडा वेळ पांढरा आणि नंतर साफ. काका संपूर्ण वेळ पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. हादरा आहे, परंतु आरसे स्थिर राहतात आणि काचा वाजत नाहीत. फाउंडेशनची मऊ रबरे ठेवण्याचा निर्णय योग्य ठरला असे मला वाटते.

१२ मे २०२४

साखर कारखान्याच्या वाटेवरील वजनकाट्यावर आधी पुढची आणि मग मागची चाके घेऊन वजन केले. पुढच्या एक्सलवर मूळ गाडीपेक्षा सुमारे ९० किलो वाढले आहेत. एफसी-१५० आधीच पुढे जड म्हणून ओळखली जाते, कारण माणसे, इंजिन आणि केबिन सगळे पुढच्या चाकांवर, आणि व्हीलबेस तोकडा. रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके हलकी होतात. पुढे एक पाटा वाढवला आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. बॅटरी आणि स्टेपनी केबिनजवळून काढून हौद्याच्या मागच्या टोकाखाली नेली. त्याने पुढचा भार सगळा परत येत नाही, पण मागच्या चाकांवर वजन पडते.

वेगाचा हिशेबही इथेच लिहून ठेवतो. खडूची खूण करून चाकाचा एक फेरा मोजला तर २.३ मीटर भरतो. डिझेल इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या वर जात नाही, तेव्हा ५.३८ च्या डिफ्रन्शियलवर सर्वोच्च वेग ताशी ८२ किलोमीटरच्या आसपास येतो. हरिकेन ४००० पर्यंत फिरत असल्याने तो १०० च्या वर जात असे. डिफ्रन्शियल बदलून वेग वाढवता येईल, परंतु या ब्रेकांवर आणि या व्हीलबेसवर मला तो वाढवायचा नाही, आणि काकांनाही नको आहे.

२६ मे २०२४

७ तारखेच्या लोकसभा मतदानामुळे तपासणीची तारीख थोडी पुढची मिळाली. निरीक्षकांनी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे ठसे घेतले, फाउंडेशनचे बोल्ट खाली वाकून पाहिले आणि झाकण उघडून पेटीचे जोड पाहिले. अर्जातील रेखाचित्र हातात धरून त्यांनी मागच्या भिंतीखालचा आडवा पट्टा अखंड आहे ना हे खास तपासले. बदल पूर्ण झाल्याची लेखी माहिती कायद्याप्रमाणे चौदा दिवसांच्या आत दिली होती. धुराची चाचणीही झाली. जुन्या डिझेल वाहनांसाठी असलेल्या ६५ हार्ट्रिजच्या (धुराची दाटी मोजण्याचे एकक) मर्यादेत गाडी आरामात बसली. नोंदणी प्रमाणपत्रात नवा इंजिन नंबर, इंधन आणि सीसी यांची नोंद होऊन आली.

९ जून २०२४

हौद्यात ६०० किलो वाळूची पोती घेऊन पन्हाळ्याचा चढ. सपाटीवर गाडी चौथ्या गिअरमध्ये शांत चालते. वाघबीळ ओलांडून घाट सुरू झाल्यावर तिसरा, आणि शेवटच्या वळणांवर दुसरा गिअर लागला. कुठेही क्लच घासावा लागला नाही. पाण्याचे तापमान चढाच्या अखेरीस ९२ अंशांपर्यंत गेले आणि गडावर इंजिन मंद चालू ठेवताच खाली आले. पेटीच्या झाकणावर तळहात टिकतो, पण मॅनिफोल्डच्या बाजूच्या भिंतीवर फार वेळ टिकत नाही. तिथे पडदा आणखी १०० मिलिमीटर खाली वाढवायचा आहे, कारण उन्हाळ्यात चालकाचा पाय तासन्‌तास त्याच भिंतीला लागून राहील.

उतरताना इंजिनाचा रोध चांगला मिळाला. दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकला जवळजवळ विश्रांती होती. एका खड्ड्यात पुढचा एक्सल बंपस्टॉपपर्यंत गेल्याचा आवाज आला, म्हणून परत आल्यावर चेंबरचा तळ पाहिला : रंगाला ओरखडाही नाही.

काकांना दिलेल्या कागदावर एवढे लिहिले आहे : पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फाउंडेशनचे सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासणे, तेल आणि डिझेल फिल्टर बदलणे, झाकणाचे बीडिंग दर पावसाळ्याआधी पाहणे, आणि केबिनमध्ये धुराचा वास आला तर गाडी तिथेच उभी करणे. मूळ हरिकेन इंजिन तेल लावून, तोंडे बंद करून, पेटीच्या कापलेल्या जुन्या पत्र्यासह त्यांच्या गुऱ्हाळाच्या माळ्यावर ठेवायला दिले. चांगला ब्लॉक कधी मिळाला तर फाउंडेशन उतरवून ते इंजिन परत बसवता येईल.